बंदर ते साइट : पायलिंग रिग आणताना दराआधी काय मोजावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. बडोद्यातील एका तरुण कंत्राटदाराने परदेशातून वापरलेली रोटरी पायलिंग रिग, म्हणजे पायाच्या खांबांसाठी जमिनीत खोल भोके पाडणारे यंत्र, विकत घेतली आहे. कामाच्या स्थितीत तिचे वजन सुमारे ७० टन असून ती हजिरा बंदरात उतरणार आहे. पहिले काम कर्जनच्या पलीकडे, महामार्गापासून सात-आठ किलोमीटर आत आहे आणि ते संपल्यावर रिग इंदूरला न्यायची आहे. दोन वाहतूकदारांनी दर दिले असून दुसऱ्याचा दर पहिल्याच्या जवळजवळ दुप्पट आहे. ‘यंत्र तेच, रस्ता तोच, मग एवढा फरक कशाचा? आणि कमी दराचा माणूस घेतला तर बिघडेल काय?’ असे त्यांनी विचारले आहे. ओडीसी, म्हणजे ठरलेल्या मापापेक्षा मोठ्या मालाच्या वाहतुकीत बडोद्यात माझी ३१ वर्षे गेली. इथल्या सावली, हालोल आणि कर्जन पट्ट्यातील कारखान्यांतून निघणाऱ्या मोठ्या ट्रान्सफॉर्मरपासून बंदरात उतरणाऱ्या क्रेनपर्यंत बरेच काही आम्ही हलवले आहे. त्या अनुभवाच्या आधारे सविस्तर उत्तर देतो.

हे दोन दर एकाच कामाचे नाहीत. पहिल्या वाहतूकदाराने किलोमीटर मोजले आहेत. दुसऱ्याने बहुधा आपल्या यंत्राचे वजन, त्याची उंची आणि आतला तो सात-आठ किलोमीटरचा रस्ता मोजला आहे. ‘बहुधा’ म्हणण्याचे कारण असे की, दर जास्त आहे एवढ्यावरून वाहतूकदार प्रामाणिक ठरत नाही. त्याने काय मोजले ते त्यालाच विचारावे लागते, आणि विचारण्यासाठी आपल्याला स्वतःला ते गणित यावे लागते.

आधी वजन पाहू. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने मालवाहू गाड्यांच्या धुरांवरील भाराच्या मर्यादा वाढवल्या, तेव्हा ट्रेलर-जोडणीच्या एकूण वजनाची कमाल मर्यादा ४९ टनांवरून ५५ टन झाली. हे ५५ टन नुसत्या मालाचे नव्हेत. ओढणारी गाडी, ट्रेलर आणि माल अशी तिन्हींची ती बेरीज आहे. आपल्या रिगचा केली बार (भोक पाडणारे अवजार फिरवणारी लांब दांडी) आणि काउंटरवेट (मागे तोल धरणारे वजन) उतरवून दुसऱ्या साध्या ट्रेलरवर पाठवले, तरी मूळ यंत्र ५० टनांच्या आसपास राहणारच. त्यात ओढणारी गाडी नऊ-दहा टन आणि लो-बेड, म्हणजे बुटक्या डेकचा ट्रेलर, पंधरा ते वीस टन धरला की बेरीज ७५ ते ८० टनांवर जाते. म्हणजे साध्या तीन धुरांच्या लो-बेडवर हे यंत्र कायद्याने बसत नाही, आणि पहिला दर त्याच लो-बेडचा असेल तर चलनावर यंत्राचे वजन ३५ टन लिहिले जाईल, हे मी न पाहताही सांगू शकतो. ‘साहेब, आजवर कुणी अडवले नाही,’ असे उत्तर आपल्याला मिळेल आणि ते कदाचित खरेही असेल. परंतु गाडी उलटली किंवा पुलाला तडा गेला, तर विमा कंपनी सर्वांत आधी वजनाचा कागद मागते, आणि चलनावर ३५ टन व उत्पादकाच्या पाटीवर ५० टन दिसले की दावा तिथेच अडतो. त्या वेळी वाहतूकदाराचा ट्रेलर जातो, आपली मात्र रिग जाते आणि तिच्यावर घेतलेले कर्ज मागे राहते.

योग्य साधन म्हणजे हायड्रॉलिक ॲक्सल, म्हणजे चाकांच्या रांगा जोडून बनवलेला आणि डेक वर-खाली होणारा ट्रेलर, आणि तो ओढणारी ताकदीची गाडी, म्हणजे पुलर. हायड्रॉलिक ॲक्सलच्या प्रत्येक रांगेला आठ टायर असतात आणि एका रांगेवर, तिच्या स्वतःच्या वजनासह, १८ टनांपर्यंत भार घेण्याची परवानगी आहे. रांगेचे स्वतःचे वजन सुमारे चार टन धरले तर मालासाठी चौदा टन उरतात, म्हणजे ५० टनांना हिशेबाने चार रांगा पुरतात. मी आपल्या कामासाठी सहा रांगा घेईन. यंत्र लांब आहे, मास्ट, म्हणजे त्याचा उंच खांब, मागे दुमडलेला असतो, आणि रांगा वाढवल्या की प्रत्येक रांगेवरचा भार बारा टनांच्या आसपास येतो. रस्ता आणि मोऱ्या दोन्ही त्याबद्दल आपले आभार मानतील. दुप्पट दर देणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारावा, की रांगा किती आणि का. जो उत्तरादाखल कागदावर आकृती काढून दाखवेल, त्याच्याशी पुढचे बोलणे करावे.

जे सुटे करता येते ते सुटेच न्यावे. नियमांतली सवलत ज्याचे तुकडे होऊ शकत नाहीत अशा मालासाठी आहे. उतरवता येण्यासारखे काउंटरवेट यंत्रावर ठेवून जास्त वजनाची परवानगी मागणे बरोबर नाही. याची दुसरी बाजूही इथे बडोद्याजवळच पाहायला मिळते. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनच्या मार्गावर ४० मीटर लांबीचा एक अखंड गर्डर ९७० टनांचा असतो. तो सार्वजनिक रस्त्याने नेण्याचा विचारच कुणी केला नाही. मार्गाच्या कडेला कास्टिंग यार्ड उभारून तो तिथेच ओतला आणि बनत आलेल्या मार्गावरूनच पुढे नेला. नेता येईल ते न्यावे आणि नेता येणार नाही ते जागेवर बनवावे, हा निर्णय कामाच्या आखणीतच व्हावा लागतो.

आता उंची. माझ्या अनुभवात वजनापेक्षा उंचीने जास्त माणसांना रडवले आहे. कॅटलॉगमध्ये वाहतुकीच्या स्थितीतील उंची साडेतीन मीटर लिहिलेली असेल. हायड्रॉलिक ॲक्सलचा डेक मधल्या स्थितीत जमिनीपासून सुमारे १.१५ मीटर असतो. बेरीज ४.६५ मीटर झाली. विद्युतीकरण झालेल्या रेल्वे फाटकावर दोन्ही बाजूंना जी लोखंडी कमान, म्हणजे हाइट गेज असते, ती साधारणपणे ४.६७ मीटरवर असते. म्हणजे आपल्या हाती दोन सेंटिमीटर राहिले, आणि तेही कॅटलॉग खरा धरून. वापरलेल्या यंत्राचा कॅटलॉग खरा धरू नये. आधीच्या मालकाने दिवा बसवलेला असतो, पुलीचा ब्रॅकेट बदललेला असतो, हायड्रॉलिक होसचा वेटोळा वर आलेला असतो. आम्ही एकदा अशाच एका यंत्राचे माप कॅटलॉगवरून घेतले आणि रेल्वेखालच्या बोगद्यात, ज्याला आपण बडोदेकर गरनाळे म्हणतो, पहाटे तीन वाजता मास्टच्या टोकाचा ब्रॅकेट छताला टेकला. प्रत्यक्ष उंची कागदापेक्षा १६ सेंटिमीटर जास्त होती. डेक पूर्ण खाली घेऊन, टायरमधली हवा कमी करून, तसूतसूने मागे येण्यात चार तास गेले आणि तेवढा वेळ दोन्ही बाजूंची वाहतूक खोळंबली. ती चूक माझी होती. त्यानंतर बंदरात यंत्र जमिनीवर आल्यावर आणि पुन्हा ट्रेलरवर चढल्यावर अशी दोन वेळा पट्टी लावून मी स्वतः उंची मोजतो, आणि सर्वांत उंच बिंदूवर पिवळा रंग मारतो, म्हणजे सोबत चालणाऱ्या पायलट गाडीतल्या माणसाला नेमके काय वाचवायचे आहे ते लांबूनही दिसते.

इथे हायड्रॉलिक ॲक्सलचा दुसरा उपयोग कळतो. त्याचा डेक मधल्या स्थितीपासून साधारण ३० सेंटिमीटर वर आणि तेवढाच खाली घेता येतो, त्यामुळे ४.६५ ची उंची फाटकापुरती ४.४० च्या आत आणता येते. साध्या लो-बेडला ही सोय नाही. डेक खाली घेऊनही उंची कमानीपेक्षा जास्त राहत असेल तर रेल्वेकडे आधी अर्ज करून ओव्हरहेड तारेचा पुरवठा बंद असलेल्या वेळेतच फाटक ओलांडावे लागते. ती तार २५,००० व्होल्टची असते आणि तिला स्पर्श होण्याचीही वाट ती पाहत नाही.

हजिऱ्याहून येताना महामार्गावर आपल्याला फारशी अडचण येणार नाही. भरूचला नर्मदेवर २०१७ मध्ये खुला झालेला १,३४४ मीटर लांबीचा केबलचा पूल आहे. तो होण्याआधी तिथल्या कोंडीत आमच्या गाड्या कितीतरी तास अडकून पडत. पुलांबाबत मात्र एक गोष्ट समजून घ्यावी. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकांत ‘७०-आर’ हा जो भारवर्ग आहे, त्यात चाकांच्या गाडीचे वजन १०० टन धरलेले असते. आपली जोडणी, म्हणजे यंत्र ५० टन, सहा रांगा २४ टन आणि वजन भरलेला पुलर पंधरा टनांच्या आसपास, मिळून ९० टनांच्या जवळ जाते. स्थूलमानाने पाहता ७०-आर साठी बांधलेल्या सुस्थितीतील पुलाला हे जड नाही. प्रश्न जुन्या, कमी वर्गाच्या आणि दुखावलेल्या पुलांचा असतो. राष्ट्रीय महामार्गावरील पुलांसाठी केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाकडे ऑनलाइन परवानगी मागावी लागते; आतल्या रस्त्यांसाठी राज्याच्या मार्ग आणि मकान, म्हणजे बांधकाम, विभागाकडे जावे लागते. कित्येक वाहतूकदार पहिली परवानगी घेतात आणि दुसरी विसरतात, कारण आतल्या मोऱ्यांची कुणी विचारपूस करत नाही.

ती विचारपूस आता होऊ लागली आहे आणि त्यासाठी फार मोठी किंमत मोजावी लागली. ९ जुलै २०२५ रोजी पादरा आणि आणंद यांना जोडणारा, महीसागर नदीवरचा गंभीरा पूल कोसळला. तो १९८५ मध्ये वाहतुकीला खुला झाला होता. आपल्यापैकी पुष्कळांनी त्या पुलावरून असंख्य वेळा प्रवास केला असेल. त्यानंतर राज्यभर पुलांची तपासणी झाली आणि अनेक पुलांवर अवजड वाहनांना बंदी आली. म्हणून मागच्या वर्षीच्या फेरीचा नकाशा दाखवून ‘रस्ता माहीत आहे’ असे म्हणणाऱ्या वाहतूकदारावर विसंबू नये. रस्त्याची पाहणी, ज्याला आम्ही रूट सर्व्हे म्हणतो, ती माल निघण्याआधीच्या पंधरवड्यातील हवी, तिच्यावर तारीख हवी, आणि प्रत्येक मोरी व पुलाचे छायाचित्र हवे.

पुलावरून जाण्याची पद्धतही दरात धरलेली असते, ती अशी. पुलाच्या अलीकडे गाडी थांबते. पुलावरची बाकी वाहने निघून जाऊ दिली जातात. मग गाडी पुलाच्या मध्यरेषेवरून, ताशी पाच किलोमीटरपेक्षा जास्त नाही अशा वेगाने जाते आणि मध्ये ब्रेक दाबायचा नसतो, गिअर बदलायचा नसतो, थांबायचे तर मुळीच नसते. कारण सोपे आहे. उभा भार आणि हिसक्याचा भार यांत फरक असतो. सावकाश आणि सलग गेलेल्या गाडीमुळे पुलावर जवळजवळ तिच्या वजनाइतकाच ताण येतो, हिसका बसला की तो वाढतो. मध्यरेषेचे कारण असे की, त्यामुळे भार सगळ्या गर्डरांवर वाटला जातो. कडेने गेल्यास एकाच गर्डरवर पडतो. हे काम दोन पायलट गाड्या आणि चार माणसे असल्याशिवाय होत नाही. पहिल्या दरात ती माणसे आहेत का, हे विचारावे.

यंत्र बांधण्याच्या बाबतीत, ज्याला लॅशिंग म्हणतात, मला थोडे जास्त लिहावेसे वाटते, कारण इथे निष्काळजीपणा सर्वांत जास्त दिसतो आणि तो टाळायला खर्च सर्वांत कमी येतो. जोरात ब्रेक दाबला तर मालाच्या वजनाच्या आठ-दशांश इतका जोर पुढच्या दिशेने येतो, असे बांधणीच्या मानकांत धरले जाते; बाजूला आणि मागे तो वजनाच्या निम्मा धरतात. आपल्या ५० टनांच्या यंत्राला पुढे ४० टनांचा जोर थोपवायचा आहे. लोखंडी ट्रॅक लोखंडी डेकवर उभा असेल तर घर्षणाचा गुणांक ०.२ च्या वर धरता येत नाही, तेल किंवा चिखल असेल तर त्याहून कमी. म्हणजे घर्षण १० टन सांभाळेल आणि ३० टन साखळ्यांवर येतील. त्याच ट्रॅकखाली घर्षणाची रबरी मॅट टाकली तर गुणांक ०.६ पर्यंत जातो. मग ३० टन मॅट सांभाळते आणि साखळ्यांना दहाच टन उरतात. आमच्याकडे जुन्या कन्व्हेयर बेल्टचे तुकडे वापरतात. ते चांगल्या मॅटच्या बरोबरीचे नसले तरी कोऱ्या लोखंडापेक्षा कितीतरी बरे. मॅट नसलेल्या गाडीवर मी यंत्र चढवू देत नाही, मग कितीही जाड साखळ्या दाखवोत.

साखळी ग्रेड ८० ची, १३ मिलिमीटरची असावी आणि तिच्या कडीवर ग्रेडचा शिक्का दिसला पाहिजे. ती यंत्राच्या अंडरकॅरेजला, उत्पादकाने दाखवलेल्या ठिकाणीच बांधावी. ट्रॅकच्या पट्ट्यांना किंवा मास्टच्या सिलिंडरला साखळी घातलेली दिसली तर काम तिथेच थांबवावे. चारही कोपऱ्यांवर तिरक्या साखळ्या, वरच्या फिरत्या भागाला स्विंग लॉक (तो फिरू न देणारी खीळ) आणि शिवाय एक वेगळी साखळी, दुमडलेल्या मास्टखाली लाकडी पॅकिंग, एवढे हवेच. पहिल्या वीस किलोमीटरनंतर गाडी थांबवून प्रत्येक बाइंडर, म्हणजे साखळी ताणणारा आकडा, पुन्हा कसावा, कारण सुरुवातीच्या हादऱ्यांनी यंत्र थोडे बसते आणि साखळी सैल पडते.  थांबण्याची ती जागा आधीच ठरवून ठेवावी.

आणखी एक लहानशी गोष्ट आहे, जी फार थोडे वाहतूकदार करतात. यंत्राच्या सायलेन्सरचे तोंड जाड टेपने बंद करावे. प्रवासात त्यातून वारा शिरला तर इंजिन बंद असतानाही टर्बोचार्जरचे चाक फिरत राहते, आणि इंजिन बंद असल्यामुळे त्याच्या बेअरिंगला तेल मिळत नाही. यंत्र साइटवर उतरते, दोन दिवस चालते आणि टर्बो जातो. दोष कुणाचा हे मग कधीच ठरत नाही.

कागदांपैकी ई-वे बिलाकडे, म्हणजे जीएसटीखाली मालासोबत लागणाऱ्या ऑनलाइन वाहतूक-पत्राकडे, विशेष लक्ष द्यावे. साध्या मालासाठी दर २०० किलोमीटरला एक दिवस मिळतो, ओडीसी मालासाठी दर २० किलोमीटरला एक दिवस. हजिऱ्यापासून बडोद्याच्या आसपास १७०-१८० किलोमीटर धरले तर ओडीसी म्हणून नऊ दिवस मिळतात. वाहनाचा प्रकार ‘साधे’ असा निवडला गेला तर एकच. ताशी पंधरा-वीस किलोमीटरने जाणारी गाडी, त्यात शहराजवळच्या वेळेच्या बंद्या आणि परवान्यातली वेळेची अट, यांमुळे एका दिवसात हा प्रवास होत नाही. मुदत संपण्याच्या आधी आठ तास आणि नंतर आठ तास एवढ्याच वेळात ती वाढवता येते. ती वेळ हुकली तर महामार्गावर यंत्र अडवले जाते आणि दंडाची नोटीस मालकाच्या नावाने येते. परिवहन विमा घेताना चढवणे आणि उतरवणे दोन्ही त्यात आहेत का, वाहनाचा प्रकार हायड्रॉलिक ॲक्सल असा लिहिला आहे का, आणि विम्याच्या रकमेत सीमाशुल्क धरले आहे का, हे पाहून घ्यावे.

बंदरात स्वतः जावे किंवा विश्वासाचा मेकॅनिक पाठवावा. वापरलेले यंत्र येते तेव्हा टाकीत डिझेल जवळजवळ नसते, बॅटरी उतरलेली असते आणि चावी कुठल्यातरी पाकिटात असते. दोन बॅटऱ्या, डिझेल आत नेण्याची बंदराची परवानगी आणि चावीचा ठावठिकाणा आधी मिळवला नाही, तर पुलर बंदरात उभा राहतो आणि त्याचे खोळंब्याचे भाडे, तसेच जागेचे भाडे, दोन्ही आपल्यावर पडते. ताब्यात घेण्याआधी चारही बाजूंनी छायाचित्रे काढावीत. काच, होस, ट्रॅक आणि मास्टचे टोक यांची जवळून काढावीत. जहाजावर झालेले नुकसान आणि रस्त्यावर झालेले नुकसान यांचे दावे वेगळे असतात, आणि ते वेगळे करण्याचा पुरावा त्याच दहा मिनिटांत मिळतो.

आता त्या आतल्या सात-आठ किलोमीटरविषयी. मला विचाराल तर सगळा दर तिथे ठरतो. एकपदरी रस्त्याची डांबरी रुंदी ३.७५ मीटर असते. आपला डेक तीन मीटरचा आहे, म्हणजे दोन्ही बाजूंना हातभर सुद्धा जागा नाही, आणि बाजूपट्टी काळ्या मातीची आहे. कर्जन, डभोई, पादरा हा आपला कान्हमचा कपाशीचा पट्टा. तिथली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि एका पावसात लोण्यासारखी होते. १८६२ मध्ये डभोई ते मियागाम अशी बैलांनी ओढलेली अरुंद रूळमार्गाची गाडी याच मुलखात धावली होती. जून ते सप्टेंबर या काळात मुरूम टाकून दाबल्याशिवाय आत शिरू नये. वाटेत नर्मदेच्या शाखा-कालव्यांवरचे लहान पूल लागतील. त्यांची रुंदी आणि कठडे मोजावेत, आणि त्यांना धक्का लावण्याआधी कालव्याच्या अधिकाऱ्यांना विचारावे. रस्ता पायी चालून पाहावा. मोटारीतून पाहिलेला रस्ता वेगळा असतो. पायी चालताना मोरीचा खचलेला काठ दिसतो, वळणावरच्या निंबाच्या फांदीची उंची दिसते, आणि शेतकरी थांबून सांगतो की मागच्या पावसात इथेच ट्रॅक्टर रुतला होता.

आणि वर तारा असतात. रस्ता ओलांडणारी ११ केव्हीची तार जमिनीपासून ६.१ मीटरपेक्षा खाली असू नये, असा नियम आहे. कमी दाबाची ५.८ मीटर. प्रत्यक्षात उन्हाळ्यात तार लोंबते, खांब कलतो, रस्त्यावर थरावर थर चढून रस्ताच वर येतो. मग काय केले जाते, तर एक मुलगा यंत्रावर चढतो आणि बांबूने तार उचलून धरतो. २००७ च्या जूनमध्ये डभोईच्या बाजूला माझ्या देखरेखीखालच्या गाडीवर हेच झाले. वीज कंपनीकडे शटडाउनचा अर्ज केला होता, पण वेळ दुपारची मिळाली होती, आणि ग्राहकाकडून सकाळपासून फोन येत होते. रात्री पाऊस पडून गेला होता. बांबू ओला होता. आमचा एकोणीस वर्षांचा खलाशी, म्हणजे गाडीवरचा मदतनीस, वर चढला, तार बांबूला लागली आणि तो यंत्रावरून बाजूच्या शेतात पडला. माती मऊ होती म्हणून वाचला. दोन्ही तळहात भाजले होते. उजव्या हाताची दोन बोटे नंतर कधी पूर्ण मिटली नाहीत. त्याच्या आईने रुग्णालयात मला एवढेच विचारले, ‘काका, अर्धा दिवस थांबला असतात तर काय झाले असते?’ तिला द्यायला माझ्याजवळ उत्तर नव्हते. तो मुलगा पुढे आमच्या यार्डातच हिशेबाचे काम शिकला.

म्हणून करारात ही अट आपण स्वतः लिहून घ्यावी, की वीज कंपनीचा लेखी शटडाउन आणि जागेवर तिचा लाइनमन असल्याशिवाय तारेखालून गाडी जाणार नाही, आणि त्यासाठी जो वेळ जाईल त्याचे खोळंब्याचे भाडे आपण द्याल. दुसरा भाग महत्त्वाचा आहे. वेळेचे पैसे कोण देणार हे न ठरवता घाई केली, की बांबू आपोआप बाहेर निघतो.

इंदूरच्या प्रवासाविषयी आत्ताच फार लिहीत नाही, कारण त्याला काही महिने आहेत आणि तोवर रस्ते बदलतील. बडोद्याहून गोधरा, दाहोद, झाबुआ, धार असा सुमारे ३४० किलोमीटरचा मार्ग आहे आणि मध्य प्रदेशाची परवानगी वेगळी घ्यावी लागते. झाबुआनंतर माछलिया घाट लागतो. तिथे उतारावर एकट्या पुलरच्या ब्रेकवर विसंबू नये. मागे ड्रॉबारने दुसरा पुलर जोडून त्याने गाडी धरून ठेवावी, आणि वरूनच खालचा गिअर घालून उतरावे. इंदूरच्या दरात मागचा पुलर आहे की नाही, हा एकच प्रश्न विचारला तरी दर देणारा घाट उतरलेला आहे की नाही ते कळते.

तर आपण दोघांकडूनही लेखी मागवावे : रांगांची आकृती आणि प्रत्येक रांगेवरचा भार, तारखेसह रूट सर्व्हे, दोन्ही विभागांच्या परवानग्यांच्या प्रती, पायलट गाड्यांची आणि माणसांची संख्या, मॅट आणि साखळ्यांचा तपशील, आणि खोळंब्याचा दर. पहिल्याने हे सारे धरून पुन्हा दर दिला तर तो दुसऱ्याच्या पुष्कळ जवळ येईल असे मला वाटते. आणि तसा तो आला, शिवाय त्याची माणसे नीट असली, तर त्यालाच काम द्यायला माझी हरकत नाही. दुसऱ्याने हे कागद दिले नाहीत, तर त्याच्या दुप्पट दरात आपल्याला काहीच मिळत नाही.

यंत्र साइटवर उतरेल तेव्हा उतरवण्याची जागा सपाट आणि दाबलेली असावी, ऑपरेटरला खूण करणारा एकच माणूस असावा, आणि रॅम्पच्या आसपास कुणी उभे राहू नये. पोच-पावतीवर सही करण्याआधी बंदरातली छायाचित्रे हातात धरून यंत्राभोवती एक फेरी मारावी. जे दिसेल ते त्याच पावतीवर, चालकासमोर लिहावे. आणि इंजिन सुरू करण्याआधी सायलेन्सरवरची टेप काढली आहे का, ते स्वतः वर चढून पाहावे.